निवृत्त डॉसची चालू नोकरी

संगणकाच्या जगात म्हातारपण फार लवकर येतं. पाच वर्षांचा फोन दुरुस्तीला नेला की दुकानदार तो दोन बोटांत धरून बघतो. दहा वर्षांच्या लॅपटॉपचा विषय निघाला की घरातली पोरं हसू दाबत खोलीबाहेर जातात. अशा या निष्ठुर दुनियेत 1981 साली बाजारात आलेला एमएस-डॉस, म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली, कधीच पेन्शनीत निघायला हवा होता. पण पठ्ठ्या अजून कामावर आहे. कुठे कारखान्यात, कुठे रेल्वेत, तर कुठे एका जगप्रसिद्ध कादंबरीकाराच्या टेबलावर.

रूपाच्या बाबतीत डॉसची बाजू लंगडीच. काळा पडदा, त्यावर सी, दोन टिंबं, एक उलटी तिरकी रेघ आणि शेजारी लुकलुकणारी एक आडवी रेघ. स्वागत नाही, विचारपूस नाही, मागे डोंगरदऱ्यांचं चित्र नाही. फाइलीचं नाव आठ अक्षरांत बसवायचं आणि त्याला तीन अक्षरांचं शेपूट जोडायचं. रोमन लिपीत ‘जमाखर्च’ लिहायला बसलेल्या कारकुनाची गाडी ‘जमाखर’वर थांबायची, आणि पुढची तीस वर्षं त्या पेढीचा हिशेब ‘जमाखर’ या नावानेच चालायचा.

कूळ म्हणावं तर तेही घाईगडबडीतलं. टिम पॅटरसन या अमेरिकी अभियंत्याने 1980 साली सिअ‍ॅटलच्या एका छोट्या कंपनीसाठी ही प्रणाली लिहिली. पुढच्या वर्षी जुलैत मायक्रोसॉफ्टने तिचे सगळे हक्क 50,000 डॉलर मोजून घेतले आणि ऑगस्टमध्ये ती आयबीएमच्या पहिल्या पीसीबरोबर विक्रीला आली. पुण्यामुंबईत तेवढ्या पैशांत आज पार्किंगसकट फ्लॅटही येत नाही.

मग या गड्यात असं आहे तरी काय? तर त्याला एका वेळी एकच काम येतं. माणसाच्या बायोडेटात हे लिहिलं तर नोकरी जाईल, पण लेथवर किंवा मिलिंग मशीनवर याच गुणाची किंमत होते. यंत्राचं हत्यार पुढेमागे सरकवणारी स्टेपर मोटार एकेका ठोक्याने फिरते. नेहमीच्या मोटारीत एका ठोक्याला 1.8 अंश, म्हणजे 200 ठोक्यांना एक फेरा. हे ठोके अगदी तालात पडावे लागतात. आधुनिक प्रणाली एकाच वेळी डझनावारी कामं हाताळते: इकडे अँटिव्हायरसची झडती, तिकडे ईमेल, मध्येच घड्याळाची जुळवाजुळव. या धांदलीत ठोका काही मिलिसेकंद उशिरा पडला, तर पत्र टाइप करणाऱ्याला कळतही नाही. लोखंड कापणाऱ्याला मात्र कळतं, कारण जॉबवर चरा उमटतो आणि सुपरवायझर समोर उभा असतो.

डॉसमध्ये ही धांदलच नाही. प्रोग्राम एकदा सुरू केला की डॉस घराच्या किल्ल्या भाडेकरूच्या हातात देऊन गावी निघून जाणाऱ्या मालकासारखा वागतो. प्रोसेसर, मेमरी, मागच्या बाजूचा 25 छिद्रांचा प्रिंटर पोर्ट, सगळं त्या प्रोग्रामचं. त्या पोर्टाच्या तारांवर थेट हुकूम पाठवायचा आणि मोटार फिरवायची. मध्ये परवानग्या विचारणारं कोणी नाही. नव्या यंत्रांत हेच काम वेगळ्या कंट्रोलरवर सोपवतात, आणि त्या कंट्रोलरलाही एवढंच एक काम दिलेलं असतं. शिवाय ऐन पाळीच्या मध्यावर ‘अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका’ असं डॉसने आजवर कोणाला बजावल्याचं ऐकिवात नाही.

ही गोष्ट जॉर्ज आर. आर. मार्टिन यांना चांगलीच ठाऊक आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका ज्यांच्या कादंबऱ्यांवरून निघाली, तेच हे मार्टिन. 2014 साली टीव्हीवरच्या एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं, की आपण लेखन डॉसच्या संगणकावर, वर्डस्टार 4.0 मध्ये करतो, आणि त्या संगणकाला इंटरनेट जोडलेलं नाही. लहान लिपीत टाइप केलेलं अक्षर आपल्या मनानेच मोठं करणारा हुशार संगणक त्यांना नको होता. वर्डस्टारमध्ये कंट्रोल दाबून ई, एस, डी, एक्स या कळांनी कर्सर चारही दिशांना नेता येतो. हात कळांवरून उचलावा लागत नाही, माऊस तर लागतच नाही. आता त्यांच्या मालिकेतला पाचवा खंड 2011 साली आला आणि सहाव्याची वाट वाचक अजून पाहतायत, ही गोष्ट वेगळी. तिचं खापर डॉसवर फोडता येणार नाही.

श्रीमंतांच्या गॅरेजमध्येही डॉसची वट आहे. मॅक्लारेन एफ1 ही मोटार 1990च्या दशकात जेमतेम 106 घडवली गेली, आणि 2021 साली त्यांतली एक लिलावात दोन कोटी डॉलरच्या वर गेली. या मोटारीची तपासणी करायला कंपनीला कॉम्पॅकचा त्याच जमान्यातला एक जाडजूड लॅपटॉप लागत असे. मोटार आणि संगणक यांना जोडणारं खास कार्ड त्याच लॅपटॉपमध्ये बसत होतं, आणि त्यावरचा प्रोग्राम डॉसचा होता. दीडशे कोटींची गाडी, आणि तिची नाडी बघणारा वैद्य जुन्या बाजारातला!

जर्मनीत जानेवारी 2024 मध्ये एक नोकरीची जाहिरात झळकली: रेल्वेगाड्यांतल्या चालकाच्या पडद्यांची यंत्रणा सांभाळायला विंडोज 3.11 आणि डॉस येणारा माणूस पाहिजे. नव्वदच्या दशकात गल्लीतल्या क्लासला जाऊन डॉस, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस असा चौपदरी अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या आपल्याकडच्या कित्येकांनी ती वाचून भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरची धूळ पुसली असेल.

मराठीवर तर डॉसचे उपकारच आहेत. पुण्याच्या सी-डॅकचं ‘जिस्ट’ कार्ड पीसीत बसवलं, की डॉसच्या त्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रामातही मराठी नावं भरता यायची. पुढे डॉसने आपल्याला आणखी एक सेवा दिली, तीही नुसत्या नावाने. विंडोजचा परवाना नसलेले लॅपटॉप ‘फ्रीडॉस’ हा डॉसचा फुकटातला भाऊ घालून स्वस्तात विकले जात. दुकानात लोक ‘डॉसवाला द्या’ म्हणून मागून घेत. तो डॉस प्रत्यक्षात पाहणारे विरळाच, कारण संध्याकाळपर्यंत कोणीतरी पुतण्या सीडी घेऊन यायचा.

सगळंच गोड मात्र नाही. 7 नोव्हेंबर 2015 रोजी पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर धुक्यात विमानं खोळंबली. धावपट्टीवर कितपत दिसतंय हे वैमानिकांना कळवणारी यंत्रणा बंद पडली होती, आणि ती चालत होती विंडोज 3.1 वर, म्हणजे डॉसच्याच खांद्यावर. दुरुस्ती जाणणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सॅन फ्रान्सिस्कोत भुयारी मार्गातल्या गाड्यांच्या नियंत्रणाची प्रणाली 1998 पासून डॉसच्याच जमान्यातल्या सव्वापाच इंची फ्लॉपीवरून चढवली जाते. ती बदलण्याचं 212 दशलक्ष डॉलरचं कंत्राट 2024 साली मंजूर झालं. जुन्याचा खर्च असा उशिरा येतो, पण येतो तेव्हा व्याजासकट. घरगुती पातळीवर बोलायचं तर मदरबोर्डवरची बॅटरी संपली की डॉस थेट 1 जानेवारी 1980 ला जाऊन बसतो, आणि बिलावर गिऱ्हाइकाच्या जन्माआधीची तारीख छापतो. बॅटरी बदलली की मात्र त्याच्या फाइलींची दिनदर्शिका 2107 पर्यंत बिनबोभाट चालते.

फ्रीडॉस तर अजून जिवंत आहे. मायक्रोसॉफ्ट डॉसला वाऱ्यावर सोडणार असं दिसताच जिम हॉल या अमेरिकी विद्यार्थ्याने 29 जून 1994 रोजी त्याची घोषणा केली. एप्रिल 2025 मध्ये त्याची 1.4 ही आवृत्ती आली, आणि ती फुकट मिळते.

तेव्हा ज्यांच्या कारखान्यात, औषधाच्या दुकानात किंवा छापखान्यात असा एखादा काळ्या पडद्याचा संगणक इमानेइतबारे राबतोय, त्यांनी तो भंगारात काढण्याची घाई करू नये. त्याला इंटरनेट जोडू नये. याच आठवड्यात त्याच्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रत काढून ती दोन ठिकाणी ठेवावी. जुन्या बाजारातून एक जादा पॉवर सप्लाय आणि एक मदरबोर्ड आणून ठेवावा. आणि ज्या काकांना तो चालवता येतो, त्यांच्या निरोपसमारंभाची शाल आणण्याआधी त्यांच्याकडून सगळ्या कमांड एका वहीत लिहून घ्याव्यात.