पगारी कलावंताची सोय

'खरी कला हवी तर नोकरीवर लाथ मारा', असा सल्ला देणाऱ्यांची स्वतःची पेन्शन बहुधा चालू असते. हार्वी पीकर क्लीव्हलँडला माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात फाइल-कारकून होता. १९७६पासून त्याने 'अमेरिकन स्प्लेंडर' हे कॉमिक पदरमोड करून काढलं. बरं, गड्याला चित्रंही येत नव्हती! काड्यांची माणसं काढून तो चौकटी आखायचा आणि रॉबर्ट क्रम्बसारख्या चित्रकारांकडून त्या चितारून घ्यायचा. विषय कोणते? कचेरीतले सहकारी, दुकानातली रांग, स्वतःची कुरकुर. म्हणजे ज्या नोकरीने वेळ खाल्ला, तिनेच छपाईचं बिल भरलं आणि वर कच्चा मालही पुरवला. इतका उदार आश्रयदाता संस्थानिकांतही विरळाच.

कोणी म्हणेल, दमलेल्या हातातून रेषा कसली उतरणार? आपले व्यंगचित्रकार वसंत सरवटे एसीसी या सिमेंट कंपनीत सिव्हिल इंजिनिअर होते. त्यांची रेषा दमलेली कुठे दिसते, ते दाखवा. अंक रखडतो, हे मात्र मान्य. पीकरचाही साधारण वर्षाला एकच निघे; वाचक काही उपाशी मेले नाहीत. १९८७ साली त्याला अमेरिकन बुक अवॉर्ड मिळालं. दुसऱ्या दिवशी राजीनामा? छे! नोकरी सुटली ती २००१मध्ये, रीतसर निवृत्त होऊन.