वरातीत बंद पडणारा संगणक : दुरुस्तीची शास्त्रोक्त पद्धत

शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली. अशा नंदुरबार जिल्ह्यात घरचा संगणक पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ ऐन वरातीत सोडून देतो, ही गोष्ट जिल्ह्याच्या लौकिकाला शोभणारी नाही. सबब, समस्त कुटुंबप्रमुखांच्या सोयीसाठी पुढील कार्यपद्धती देत आहोत. पायऱ्यांचा क्रम बदलू नये.

पायरी १ : आरोपी निश्चित करणे. पडदा काळा होताच आधी माणूस शोधावा, बिघाड नंतर. दहावीतला मुलगा घरात असल्यास शोध तिथेच संपतो : त्यानेच काहीतरी ‘टाकलेलं’ असतं. मुलगा नसल्यास ज्याने शेवटी माऊसला हात लावला, तो. एवढ्यात शेजारचे जिभाऊ ‘काय व्हयनं रे भो?’ म्हणत आत येतील. त्यांना खुर्ची व चहा द्यावा. माऊस देऊ नये.

पायरी २ : थोपटणे. मॉनिटरच्या डोक्यावर दोन चापट्या माराव्यात. मॉनिटरचा यात काडीचाही संबंध नसतो. आतून येईल ते तो दाखवतो. खरा बिघाड टेबलाखालच्या खोक्यात असतो. पण तिथवर पोचायला वाकावं लागतं आणि वडीलधाऱ्यांचे गुडघे दुखतात, म्हणून मार मॉनिटरनेच खायचा, अशी वहिवाट आहे.

पायरी ३ : पंचनामा. संगणक ‘बंद पडला’ एवढं म्हणून भागत नाही. कसा पडला ते नोंदवावं.

(अ) दर वेळी त्याच क्षणी, म्हणजे नवरदेव घोड्यावर टांग टाकताना अडकत असेल, तर फाईल खराब आहे. तीच फाईल दुसऱ्या संगणकावर लावून खात्री करावी आणि फोटोवाल्याकडून नवी कॉपी मागावी.

(आ) निळा पडदा येत असेल, तर पहिला संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्यावा. ग्राफिक्स चिपने दोन सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज तिला नव्याने जागं करतं. तेही जमलं नाही की निळा पडदा.

(इ) लाईट गेल्यासारखा फट्‌दिशी बंद होत असेल, थोडा वेळ थांबून लावल्यावर चालत असेल आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने बंद होत असेल, तर तो तापतो आहे. बहुसंख्य घरांनी थेट पाचव्या पायरीवर जायला हरकत नाही. पण चौथी वाचल्याने जिभाऊंसमोर वजन वाढतं.

पायरी ४ : वरातीचं गणित. मंगलाष्टकं निर्विघ्न पार पडतात आणि वरातीतच घोटाळा होतो, याला अपशकुन समजू नये. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांवर ठिपके असतात. सेकंदाला अशी पंचवीस चित्रं धरली, तर संगणकाला सेकंदाला पाच कोटींहून जास्त ठिपके रंगवावे लागतात. व्हिडिओ आवळताना मागच्या चित्रापेक्षा काय बदललं, मुख्यतः तेवढंच साठवतात. अंतरपाटाशी उभी जोडी हलत नाही, काम कमी. वरातीत मात्र बॅन्ड वाजतो, चमकीचे कागद उडतात, सगळे मामा एकदम नाचतात. पडद्यावर जुनं काही उरत नाही. त्यातून व्हिडिओ एच.२६५ पद्धतीचा निघाला तर विचारूच नये. ही पद्धत २०१३ सालची. त्याआधीच्या ग्राफिक्स चिपला ती उलगडत नाही, सगळं ओझं प्रोसेसरवर येतं. तो शंभर अंशांच्या आसपास पोचला की आधी वेग कमी करतो, आणि तरी भागलं नाही तर जीव वाचवायला सगळंच बंद करतो.

पायरी ५ : खोका उघडणे. ही पायरी सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत शेवटी सुचते. वायर भिंतीतून काढावी. बाजूचा पत्रा सरकवावा. प्रोसेसरवरचा पंखा दिसेल. दिसला नाही तर धुळीचा जो गोधडीसारखा थर दिसेल, त्याखाली तो आहे. नंदुरबारकरांसाठी विशेष सूचना : मिरचीच्या हंगामात, म्हणजे बाजारात ओल्या लाल मिरचीच्या गाड्या लागतात आणि गावाबाहेरच्या मिरची वाळवायच्या पथाऱ्या लाल होतात तेव्हा, हे काम नाकाला रुमाल बांधूनच करावं. पथारीजवळच्या घरात खोक्यात फुंकर मारणारा माणूस पुढची दहा मिनिटं शिंकण्याखेरीज काही करू शकत नाही. रंगकामाचा कोरडा ब्रश घ्यावा, पाती बोटाने धरून ठेवावीत आणि सावकाश झाडावं. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडखडीत झाली असेल तर बदलावी. हरभऱ्याच्या दाण्याएवढी पुरते. टूथपेस्ट चालत नाही.

मे महिन्यात खोलीतच ४२ अंश असतील तर पंखा ४२ अंशांचीच हवा आत ढकलणार. तेव्हा वरात रात्री पाहावी.

पायरी ६ : तरीही न सुधारल्यास. ग्राफिक्स ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. लुकलुकत्या हिरव्या बटणावरून घेऊ नये. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबराने पुसून परत बसवावी. हे ऐकायला थट्टेचं वाटतं, पण दुरुस्तीवालेही हेच करतात, आणि त्याचे पैसे घेतात. त्यानंतर संशय एसएमपीएसवर, म्हणजे खोक्यातल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर घ्यावा. तो मात्र उघडू नये. वायर काढल्यावरही आतले कपॅसिटर झटका देतात.

पायरी ७ : दुरुस्तीनंतरची दक्षता. संगणक सुधारला की व्हिडिओ प्रथमच वरातीच्या पुढे जातो, हे ध्यानात घ्यावं. पुढे वरण-बट्टीची पंगत आहे, त्यात कोणाला आग्रह झाला आणि कोणाला नाही ते स्पष्ट दिसतं. त्यापुढे माईकवरून आहेर पुकारला जातो, रकमेसह, नावासह, फुल एचडीमध्ये. पाहुणे जमले असतील तर कुटुंबप्रमुखाने वरात संपता संपता टेबलाखाली पाय लांब करावा आणि खोक्याचं बटण स्वतःच दाबावं.