टोमॅटोची बचत

गार्डन सेंटरात टोमॅटोचं एक रोप 3-4 पौंडांना. इंग्लंडातल्या काटकसरी मराठी घराला ही उधळपट्टी कशी परवडावी? त्यापेक्षा फेब्रुवारीतच बियांचं पाकीट, कंपोस्ट, हीट मॅट, ग्रो-लाइट असा मोजका संसार मांडावा. दिवा रोज 12-14 तास. वीज काय, भिंतीतून येतेच. मेच्या मध्यापर्यंत रात्री दहिवर गोठायची भीती, म्हणून रेडिएटरवाली धाकट्याची खोली रोपांना द्यावी. धाकट्याचा जन्मच इथला, त्याला थंडी बाधत नाही. पाकिटातलं झाडून सगळं बी उगवतं, तेव्हा जादा रोपं शेजारच्या आजींना फुकट द्यावीत. आपली रोपं बाहेर लावली की गोगलगायी एका रात्रीत फस्त करतात. ऑगस्टात आजी टोपलीभर टोमॅटो घेऊन येतात आणि विचारतात, "तुम्ही नाही लावले यंदा?"