पेपर सुटल्यावर उत्तरे जुळवण्याची अधिकृत पद्धत

दहावीच्या गणित भाग 1 चा पेपर 40 गुणांचा आणि दोन तासांचा. त्यात 2023 पासून शेवटी 10 मिनिटे वाढीव. या 130 मिनिटांत काय करावे, हे शिकवणारे क्लास सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी शाळेचे फाटक उघडते आणि दुसरी परीक्षा सुरू होते, तिच्याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. ही परीक्षा तोंडी असते, तिला पर्यवेक्षक नसतो आणि तिचा निकाल उभ्या उभ्या लागतो. परीक्षार्थींची गैरसोय टाळण्यासाठी पुढील सूचना दिल्या आहेत.

1. जागा. मार्चातल्या सोलापुरात आधी सावली शोधावी, मग सत्य. फाटकासमोर पालक गाड्या लावून उभे असतात, तो पट्टा शक्यतो टाळावा. तेथे गाठ पडलीच, तर 'सोपा होता ना?' या प्रश्नाला 'ठीक होता' एवढेच उत्तर द्यावे. या दोन शब्दांत 35 पासून 100 पर्यंतचे सगळे गुण मावतात आणि निकालापर्यंत ते कोणालाही खोडता येत नाहीत. नंतर उसाच्या रसाच्या गाड्यामागे जमावे.

2. माणूस. वर्गातल्या पहिल्या नंबराला विचारू नये. तो 'पाच मार्कांचं गेलं बे' म्हणतो आणि निकालात ते पाच मार्क त्याच्याकडेच सापडतात. पहिल्या अर्ध्या तासात पुरवणी मागणाऱ्यालाही टाळावे. योग्य माणूस म्हणजे ज्याची तयारी आपल्याइतकी किंवा आपल्याहून किंचित कमी आहे असा. त्याचे आणि आपले उत्तर जुळले की आनंद होतो. ते उत्तर बरोबर आहे की नाही, ही बाब वेगळी.

सोलापुरात एक जादा काळजी घ्यावी लागते. मंडळाचा हाच पेपर मराठी, इंग्रजी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा वेगवेगळ्या माध्यमांतून दिला जातो आणि गल्लीतल्या क्रिकेटच्या टीममध्ये ही सगळी माध्यमे एकत्र नांदतात. त्यामुळे 'संभाव्यतेचं ते गणित' असे म्हणून वेळ दवडू नये. 'दोन बी मधलं तिसरं' असा थेट पत्ता सांगावा आणि पुढे आकडा. आकडा सगळ्या माध्यमांत चालतो.

3. प्रत्यक्ष जुळवणी. येथे खरे कौशल्य लागते. पुढील संवाद नमुन्यादाखल पाहावा.

'काय बे, किती आलं?'
'चार रूट तीन.'
'माझं रूट अठ्ठेचाळीस आलंय की!'
'मग चुकलं बे तुझं.'

48 म्हणजे 16 गुणिले 3, सबब दोन्ही उत्तरे एकच आहेत. ही गोष्ट कोणाच्या तरी ध्यानात येईपर्यंत दोघांची मैत्री संपलेली असते. भूमितीच्या पेपरनंतर हाच प्रयोग पायवर करता येतो. 7 सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ 22/7 घेणाऱ्याला 154 चौसेंमी मिळते आणि 3.14 घेणाऱ्याला 153.86. पायची कोणती किंमत घ्यायची ते बहुधा प्रश्नातच छापलेले असते. पण तोवर प्रश्नपत्रिकेची घडी खिशात खोल गेलेली असते आणि ती बाहेर काढणे कमीपणाचे मानले जाते.

खरा मतभेद पाहायचा असेल तर दोन नाणी फेकावीत. किमान एक छापा मिळण्याची संभाव्यता किती? एक गट म्हणतो 3/4, दुसरा 2/3. दुसऱ्या गटाने 'छापा-काटा' आणि 'काटा-छापा' यांना एकच मानून नमुना अवकाशातला एक घटक गिळलेला असतो. या गटाचा आवाज नेहमी मोठा असतो.

4. बहुमत. उत्तरे जुळली नाहीत तर हात वर करून मतदान घ्यावे. सातपैकी पाच जणांचे तेच उत्तर आले की ते बरोबर, असा प्रघात आहे. त्याला एक गैरसोयीचा अपवाद आहे. अमेरिकेत 1982 च्या मे महिन्यात झालेल्या एसएटी परीक्षेत एक प्रश्न होता: लहान वर्तुळाच्या तिप्पट त्रिज्येचे मोठे वर्तुळ आहे. त्याच्या कडेवरून लहान वर्तुळ घरंगळत पूर्ण फेरी मारून आले, तर ते स्वतःभोवती किती वेळा फिरेल? परीक्षा सुमारे तीन लाख मुलांनी दिली. परीक्षकांच्या मते उत्तर 3. खरे उत्तर 4, आणि ते पर्यायांत नव्हतेच. तिघा विद्यार्थ्यांनी हे लेखी कळवले, तेव्हा तो प्रश्न रद्द झाला. रसाच्या गाड्यामागे या तिघांचा टिकाव लागला नसता.

5. पेपरच चुकला आहे, असे म्हणणे. हा अधिकार जपून वापरावा, कारण कधी कधी तो खरा ठरतो. 27 एप्रिल 2025 रोजी सकाळच्या सत्रात एमएचटी-सीईटी देऊन आलेली मुले सांगू लागली की गणिताची उत्तरे पर्यायांत बसतच नाहीत. चौकशीत इंग्रजी प्रश्नपत्रिकेतल्या 50 पैकी 21 प्रश्नांचे पर्याय चुकलेले निघाले आणि 5 मे रोजी फेरपरीक्षा झाली. त्याआधी 2023 मध्ये बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात प्रश्नाच्या जागी परीक्षकांसाठीचा मजकूर छापला गेला होता आणि त्यापोटी 6 गुण देण्याचे मंडळाने ठरवले. तेव्हापासून कोणताही अवघड प्रश्न 'आउट ऑफ सिलॅबस' आणि त्याचे मार्क 'सगळ्यांना फुकट' असतात, असे जाणकार खात्रीने सांगतात.

अवघड प्रश्नावरची ओरड सोलापुरापुरती नाही. ब्रिटनमध्ये 2015 साली जीसीएसईच्या पेपरात हॅना नावाच्या मुलीच्या गोळ्यांवरून n² − n − 90 = 0 सिद्ध करायला सांगितले होते. मुलांनी ट्विटरवर थट्टेचा पाऊस पाडला. सोलापूरच्या दहावीतल्या मुलाने पुढचे अवयवही पाडले असते, n = 10 घेतले असते आणि उणे 9 गोळ्या खिशात राहत नाहीत म्हणून दुसरे मूळ सोडून दिले असते.

6. वर्ज्य विषय. काहीही झाले तरी 'पायऱ्या कशा लिहिल्यास?' असे विचारू नये. 40 पैकी नुसते पर्यायाचे अक्षर लिहून मिळणारे गुण चार. बाकी बहुतेक गुण सूत्र, किमती घालणे आणि आकडेमोड अशा टप्प्यांत वाटलेले असतात. म्हणजे शेवटचे उत्तर चुकूनही बरेच गुण हाती लागू शकतात आणि उत्तर जुळूनही एखादा गुण गळू शकतो. ही माहिती पसरली तर जुळवाजुळवीचा सगळा कार्यक्रमच बंद पडेल, आणि गाडेवाल्याचेही नुकसान होईल.

7. भाग 2 साठी पुरवणी सूचना. भूमितीच्या पेपरात रचनेचा प्रश्न असतो. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढल्यावर जुळवायला आकडा उरत नाही. अशा वेळी कंपासपेटीतली पट्टी वर धरून 'माझी इतकी आली' असे दाखवावे. समोरच्याने 'माझी पण तेवढीच' म्हणावे. तपासणीची सोय नसल्याने या प्रश्नावर आजवर कोणाचेही भांडण झालेले नाही. विज्ञान भाग 1 च्या सूचना तो पेपर सुटल्यावर, त्याच गाड्यामागे जाहीर होतील.