बॅग भरली, आता अभ्यासाचं बघू

शहादा तालुक्यातला एखादा शेतकरी हॉलंडला निघाला, की ती बातमी त्याच्या बायकोच्या आधी फ्लेक्सवाल्याला कळते. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स झळकतो. वर पुढाऱ्यांची रांग, मध्ये विमान, आणि विमानाच्या शेपटीखाली जरा जागा उरली म्हणून तिथं खुद्द प्रवासी. 'परदेश अभ्यास दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा!' खाली शुभेच्छुकांची नावं इतकी की तेवढ्यांनी वर्गणी काढली असती तर दुसरा शेतकरीही निघाला असता. आमच्या आप्पांचा असा फ्लेक्स लागला तेव्हा व्हिसा व्हायचा होता, तिकीट व्हायचं होतं आणि नक्की कोणत्या देशात जायचं यावर घरात एकमत नव्हतं. थोरली सून इस्राएल म्हणत होती; शेवटी हॉलंड ठरलं.

कृषी विभागाची ही योजना 2004-05 पासून चालू आहे. शेतकऱ्यानं बाहेरच्या देशातली शेती डोळ्यांनी बघावी आणि गावी येऊन चार चांगल्या गोष्टी कराव्यात, हा हेतू. निम्मा खर्च सरकारचा, तोही लाखाच्या मर्यादेत. बाकीचा ज्याचा त्यानं. एका कुटुंबातून एकालाच जाता येतं, आणि सातबारा नि आठ-अ जाणाऱ्याच्या नावावर लागतो. वाचायला अट साधी आहे. पण आमच्याकडे तीन भाऊ एक जमीन कसतात आणि सातबारा असतो आजोबांच्या नावावर. आजोबा ज्या परदेशी गेले तिथून सही आणता येत नाही. म्हणून आप्पांच्या तयारीचा पहिला टप्पा वारस नोंद, दुसरा टप्पा फेरफार आणि तिसरा टप्पा धाकट्या भावाची समजूत. तिन्हींत तिसरा लांबला. 'एका कुटुंबातून एक' हे वाक्य सरकारनं एका ओळीत लिहिलं. ते अमलात आणायला आप्पांना दोन पंगती आणि एक ठिबकचा संच द्यावा लागला.

मग कागद. आप्पांची जन्मतारीख 1 जून. त्यांच्या बायकोचीही 1 जून. त्यांच्या पिढीत निम्मा गाव 1 जूनला जन्मला, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची वाटली. व्हिसाच्या अर्जावर नवरा-बायकोची एकच तारीख बघून मुंबईच्या व्हिसा कचेरीतली पोरगी म्हणाली, "किती रोमँटिक!" आप्पांनी हा शब्द सोबत आलेल्या पुतण्याला विचारला. पुतण्यानं काय अर्थ सांगितला ठाऊक नाही, पण आप्पा शहादा येईपर्यंत बोलले नाहीत.

ओळख पटवण्याच्या कामात खरं तर आमचा तालुका देशात ज्येष्ठ. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते आमच्या टेंभलीत; पंतप्रधान स्वतः आले होते. इतका मान मिळूनही आप्पा आधारावर एक आहेत, सातबारावर दुसरे आणि बँकेत तिसरे. कुठं नावापुढे 'भाऊ' आहे, कुठं आडनाव आधी आहे, कुठं वडिलांच्या नावात एक वेलांटी जास्त आहे. तिघं आप्पा एकच आहेत असं शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिलं, तेव्हा स्टॅम्प शंभरचा चालत नाही, पाचशेचा लागतो असं कळलं. युरोपच्या व्हिसाला दहाही बोटांचे ठसे लागतात. आयुष्यभर मिरची खुडलेल्या आणि कापूस वेचलेल्या बोटांवर यंत्राला काही सापडेना. "पुन्हा ठेवा काका," असं चौथ्यांदा ऐकल्यावर आप्पा म्हणाले, "बाई, रेघा शेतात राहिल्या. इथं हाडं आणलीत."

आणि विमा! युरोपात जाणाऱ्यानं निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा काढलाच पाहिजे, असा नियम आहे. आप्पांनी मोबाइलवर त्याचे रुपये केले आणि ओसरीवर बसून राहिले. आजवर त्यांनी उतरवला तो पीकविमा. एका हेक्टरातली कपाशी वाहून गेली तर ती कागदावर किती भरते, हे त्यांना पाठ होतं. आपण स्वतः कपाशीपेक्षा इतके महाग आहोत, हे त्यांना पहिल्यांदाच कुणी लिहून दिलं.

निघायला चार दिवस उरले आणि बॅग उघडली. विमान कंपनीनं 23 किलो दिले होते; घरातल्या बायकांनी ते पहिल्या तासात संपवले. ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, शेव, काळा मसाला, दशम्या, पेढे, घरचं तूप, आणि नंदुरबारची लाल मिरची दोन किलो. नंदुरबारला पथारीवर मिरची वाळत पडते तेव्हा शहरात शिरणारा माणूस आधी शिंकतो आणि मग रामराम करतो, अशी तिची ख्याती. ती नेल्याशिवाय तिकडच्या लोकांना आपण कुठून आलो हे कसं कळणार? पुतण्यानं आडवं पडून नियम वाचले. दूध, तूप, मांस यातलं काही बाहेरून आलेल्या प्रवाशाला युरोपात आणता येत नाही. म्हणजे तूप गेलं, पेढे गेले. दशम्यांत दूध असतं, यावर ओसरीवर दीड तास ऊहापोह झाला आणि दूध दिसत नाही म्हणून दशम्या पास झाल्या. मिरची हातातल्या पिशवीत चालत नाही, मोठ्या बॅगेत ठेवा, असं ठरलं. मग आलं सत्यनारायणाच्या प्रसादाचं सुकं खोबरं. ते विमानात मोठ्या बॅगेतही चालत नाही. तेलामुळे आपोआप पेट घेऊ शकतं म्हणून 2022 पासून मनाई आहे. गंमत अशी की युरोपात उतरताना नारळाला परवानगी आहे. केळी, अननस, खजूर, ड्युरियन आणि नारळ या पाचांना तिथं कसला दाखला लागत नाही. म्हणजे नारळाला युरोप आवडतो, विमान आवडत नाही. आत्यांनी हे शांतपणे ऐकलं आणि खोबरं आप्पांच्या कोटाच्या खिशात ठेवलं. देवाच्या कामात नियम बघायचे नसतात.

कपड्यांचा प्रश्न लवकर मिटला, कारण सल्लागार मुबलक होते. कधी दुबईला गेलेला एक, हिंजवडीत ज्याचा भाचा आहे असा एक, आणि कुठंच न गेलेले बाकी सारे. यांत तिसऱ्या गटाचा आवाज मोठा. तोरणमाळला जी थंडी पडते तीच तिकडे, असं एकानं सांगितलं. डाबला दव गोठतं तिथं आपण उघड्या पायांनी फिरलो, हॉलंडची काय कथा, असं दुसऱ्यानं. तिसरा तर म्हणाला, परदेशाचं एवढं काय अप्रूप? नवापूरच्या स्टेशनात अर्धा बाक महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातेत. एका बैठकीत दोन राज्यं करणाऱ्या माणसाला व्हिसा कशाला? चावडीवर हा मुद्दा बिनतोड ठरला.

निघण्याच्या आदल्या दिवशी सत्कार. परतल्यावर सत्कार करतात तो काम झाल्याचा. जाण्याआधी करतात तो निवडणूक जवळ असल्याचा. शाल, श्रीफळ, फेटा. श्रीफळ पाहून आप्पांनी पुतण्याकडे पाहिलं, पुतण्यानं मान हलवली. भाषणं झाली. एका वक्त्यानं आप्पांना 'तालुक्याचे राजदूत' म्हटलं, दुसऱ्यानं त्यांच्या हातून 'हरितक्रांती'ची अपेक्षा केली, तिसऱ्यानं फक्त एक घड्याळ आणायला सांगितलं. घोळक्यात कुणीतरी म्हणालं, "काय आप्पा, कथा चालनात?" म्हणजे, कुठं चाललात? दोन तासांच्या समारंभात एवढाच एक प्रश्न विचारला गेला, आणि तोही स्थळाबद्दल होता. कशासाठी चाललात, हे कुणी विचारलं नाही.

1883 साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांना नुकतीच अठरा वर्षं पुरी झाली होती. निघण्याआधी फेब्रुवारीत त्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात उभ्या राहिल्या आणि आपण का जातो, तिथंच का जातो, एकट्या का जातो, या लोकांच्या सवालांना त्यांनी एकेक करून जाहीर उत्तर दिलं. मग एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट धरली. त्या काळी परदेशी जाणाऱ्याला समाज वाळीत टाकायचा, म्हणून उत्तर तयार ठेवावं लागे. आता समाज फ्लेक्स लावतो. उत्तराची गरजच उरली नाही.

उलट उत्तर आधीच तयार असतं. दौऱ्याचा अहवाल द्यावा लागेल म्हणून पुतण्यानं तो दौऱ्याच्या आदल्या रात्रीच टंकून ठेवला. 'सदर दौऱ्यात अत्याधुनिक तंत्रज्ञानाची सखोल माहिती मिळाली. हरितगृहे पाहून मन भारावून गेले. सदर ज्ञानाचा उपयोग करून उत्पन्न दुप्पट करण्याचा मानस आहे.' फक्त फोटोची जागा रिकामी. मी तो वाचला, उत्तम आहे. आप्पा गेले नाहीत तरी चालेल इतका उत्तम आहे.

पण आप्पा जाणार. गेल्यावर काय बघतील? मोठमोठी काचेची हरितगृहं बघतील, त्यात पिवळी-लाल ढोबळी मिरची बघतील आणि चाखून म्हणतील, "ही गोड का हो?" तेवढ्यानं नंदुरबारची मान उंच होईल. ट्यूलिपच्या बागेत फोटो होईल. मार्गदर्शक सांगेल की हा चिमुकला देश शेतमालाच्या निर्यातीत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. आप्पा मान डोलावतील. आणि मग तो सहज सांगून जाईल की आमची सुमारे चौथाई जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे. पूर्वी पवनचक्क्या पाणी उपसायच्या, आता पंप उपसतात, अहोरात्र. ते बघायला त्या-त्या भागाची पाणी मंडळं आहेत, तेराव्या शतकापासूनची. लोक त्यांना निवडून देतात, त्यांचा वेगळा कर भरतात, आणि पंप बंद पडला तर त्यांना जाब विचारतात.

इथं आप्पांना ठसका लागावा. कारण आप्पाही पाणी उपसायच्याच भागातून आले आहेत. आमच्या तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा ही दोन बॅरेज उभी आहेत. पाणी अडलं, दिसतंय, दरवाजे रंगवलेत. ते शेतात चढवण्यासाठी उपसा सिंचन योजना केल्या. त्या वर्षानुवर्षं बंद पडून राहिल्या. वीजबिल थकलं, मोटारी गंजल्या, संस्था कागदावर उरल्या. दुरुस्तीच्या घोषणा झाल्या, निधीची भाषणं झाली, नारळ फुटले. कितीदा फुटले याचा हिशेब खोबऱ्यात करता येईल. हॉलंड समुद्रपातळीखालच्या शेतातून पाणी बाहेर काढतो आणि आम्हाला नदीचं पाणी बांधापर्यंत नेता येत नाही. यंत्र दोन्हीकडे एकच: पंप. तिकडे तो चालतो.

म्हणून माझी आप्पांना विनंती आहे. बॅगेतले बिबडे अर्धा किलो कमी करा आणि त्या जागेत एकच प्रश्न टाका. त्याला वजन नाही, कस्टम लागत नाही, तो पेटही घेत नाही. हॉलंडच्या कुठल्याही पाणी मंडळाच्या माणसाला गाठा आणि विचारा: "पंप बंद पडला तर तुमच्याकडे कोणाला धरतात?" बाकी हरितगृह, ठिबक, रोबो हे सारं पुतण्याच्या मोबाइलवर आहे. एवढं एक उत्तर मात्र तिथं नाही.

आप्पांनी हे ऐकून घेतलं, कारण ते सभ्य आहेत. मग म्हणाले, "आणि उत्तर मिळालं, तर ते इथं आणून देऊ कोणाला?"

आता हा प्रश्न मात्र बॅगेत मावत नाही. तो इथंच ठेवून त्यांना जावं लागेल. फ्लेक्सवर जितके फोटो आहेत, त्यांतल्या कोणाच्याही दारात ठेवला तरी चालेल. पत्ता चुकणार नाही.