एमआयडीसीतलं माकूल

बारामती एमआयडीसीत जे बनतं ते सहसा बारामतीत थांबत नाही. पियाजिओची तीनचाकी इथे जन्माला येते आणि कुठल्या तरी परमुलखात कोथिंबीर वाहते. भारत फोर्जमध्ये ठोकलेलं लोखंड कुठल्या गाडीच्या पोटात बसलं, हे ठोकणाऱ्याला कळायचं कारण नसतं. फेरेरोच्या कारखान्यातला किंडर जॉय कुठल्या पोराने रस्त्यावर लोळण घेऊन मिळवला आणि त्यापायी कुणाच्या बापाची शोभा झाली, याची खबर गेटपर्यंत येत नाही. इथला माणूस न पाहिलेल्या गिऱ्हाइकासाठी काम करायला सरावलेला आहे. तेव्हा पहिल्या पाळीवरून घरी आलेल्या एखाद्याने संध्याकाळी टेबलाला छोटा व्हाइस लावून समुद्रातलं माकूल, म्हणजे स्क्विड, बनवायला घेतलं, तर त्यात कुणी डोळे विस्फारायचं काही कारण नाही.

पण विस्फारतात. बारामतीला कऱ्हा आहे, नीरेचा डावा कालवा आहे, उसाला पाळीचं पाणी आहे. समुद्र तेवढा नाही.

मूळ दोष साडूंचा. ते मालवणला असतात. सुट्टीच्या दिवशी पहाटे खडपावर उभं राहून गरवणं, म्हणजे गळाने मासे धरणं, हा त्यांचा धर्म. गळाला लावायला पेडवे आणि कोळंबी लागते, ती आदल्या दिवशी आणून फ्रीजमध्ये ठेवावी लागते, आणि एकदा ती श्रीखंडाच्या डब्याला टेकून बसलेली माझ्या मेव्हणीला दिसली. त्यानंतर साडूंना पिसांच्या आमिषाचं महत्त्व पटलं. ते मला म्हणाले, “भावजी, तुमचा हात बारीक कामाचा. जमतंय का बघा.” टूलरूममध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला याहून मोठं आमिष नाही.

या प्रकाराला फ्लाय म्हणतात. गळाच्या दांडीवर दोरा घट्ट गुंडाळत त्याखाली पिसं, केस, जर असं काय काय दाबत जायचं आणि मासा फसेल असा जीव उभा करायचा. नदीवर तो जीव बहुधा किड्याचा असतो. खाऱ्या पाण्यातला मोठा मासा किड्यांकडे ढुंकून पाहत नाही. तो खातो लहान मासे, कोळंबी नाहीतर माकूल. म्हणून समुद्राची फ्लाय चांगली वीतभर लांबसुद्धा असते. विद्या मात्र फार जुनी. इसवी सन दोनशेच्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियाच्या कोळ्यांची हकीगत लिहून ठेवली आहे: गळाला लाल लोकर गुंडाळायची आणि कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसं बांधायची.

अठराशे वर्षांनंतर मी तीच पिसं मागायला चिकनच्या दुकानात गेलो.

“मानेची पिसं पाहिजेत. गावरान कोंबड्याची. लांब.”

दुकानदाराने सुरी खाली ठेवली. “किती किलो?”

“कोंबडा नको. पिसंच.”

त्याने माझ्याकडे, मग बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, “घरात काय अडचण हाय का काका?”

त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. कोंबड्याची पिसं, काळा दोरा, लाल लोकर, अणकुचीदार गळ, आणि हे सगळं दिवेलागणीनंतर खिडकीपाशी बसून मांडायचं. करणी करणाऱ्याकडे याहून वेगळं सामान कुठे असतं? आमच्या गल्लीतल्या एक मावशी पूर्वी आमच्या दारावरून जायच्या, त्या अलीकडे पलीकडच्या बाजूने जातात.

बारामतीभोवती पोल्ट्रीचे शेड पुष्कळ. पण ब्रॉयलर सहा आठवड्यांत ताटात पोचतो. पिसं वाढवायला त्याला सवड कुठे? अमेरिकेत, कोलोरॅडोत, याच्या अगदी उलटा उद्योग आहे. व्हायटिंग फार्म्स नावाच्या पोल्ट्रीत कोंबडे वाढवतात ते फ्लायवाल्यांना लागणाऱ्या पिसांसाठी. मालक कुक्कुट आनुवंशिकीतला डॉक्टरेट आहे. २०११ साली तिकडे बायकांमध्ये केसांत कोंबड्याची लांब पिसं लावायची फॅशन आली. पार्लरवाल्यांनी मासेमारीच्या दुकानांतला माल उचलला, किमती भडकल्या आणि गळवाले रिकाम्या हाताने परतू लागले. ही गोष्ट मी चिकनवाल्याला मोठ्या उत्साहाने सांगितली. तोवर पिसं फुकट मिळत होती.

बाकी सामानाची काळजी बारामतीच्या बाजारपेठेने वाहिली. चमकी, झिरमिळ्या आणि रुपेरी जर गणपतीच्या आराशीच्या दुकानात. डोळ्यांच्या वजनासाठी मण्यांची साखळी. दोऱ्याची गाठ पक्की करायला नेलपॉलिश, तेही बिनरंगी. डोक्यावर काचेसारखा थर द्यायला ऊन लागलं की घट्ट होणारं एक रसायन येतं, ते वाळवायला भाचीच्या पार्लरमधला नखं वाळवायचा निळा दिवा. परदेशी पुस्तकांत हरणाच्या शेपटीचे केस सांगितलेले असतात. आमच्याकडे सुप्याला मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा हरणं आहेत. पण त्यांच्या शेपटीकडे त्या नजरेने पाहणारा माणूस पुढची पिसं येरवड्यात मोजेल. बोकडाच्या शेपटीवर भागवलं. बोकडाने तक्रार केली नाही; तो त्या अवस्थेत नव्हता.

पिसांच्या हव्यासाला तसा अंत नसतो. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर प्रत्येक पिसाला मेणाचा थेंब सांडल्यासारखे पिवळट-पांढरे ठिपके असतात. गळावर बांधलं की तो ठिपका हुबेहूब माशाचा डोळा. हे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या साहेबाला कळलं आणि आमचा रानकोंबडा कातडीच्या रूपाने स्कॉटलंडच्या नद्यांवर पोचू लागला. आता वन्यजीव कायद्याचं कुंपण आहे. कोयनेच्या जंगलात तो सकाळी आरवतो आणि डोळे स्वतःजवळ ठेवतो. मोरगाव आमच्याच तालुक्यात. पण मोराच्याही फक्त आपसूक गळालेल्या पिसाला हात लावावा, आणि ते देशाबाहेर धाडायला तर बंदीच. एवढी कुंपणं कशाला, असं वाटत असेल तर इंग्लंडच्या ट्रिंग गावातल्या संग्रहालयाचं उदाहरण आहे. २००९ मध्ये तिथे रात्री खिडकी फोडून एक तरुण शिरला आणि दुर्मीळ पक्ष्यांच्या २९९ कातड्या बॅगेत भरून घेऊन गेला. त्यांतल्या काही आल्फ्रेड रसेल वॉलेसने दीडशे वर्षांपूर्वी गोळा केलेल्या. चोर होता बासरी शिकणारा विद्यार्थी, आणि पिसं हवी होती फ्लाय बांधायला. गंमत पुढेच आहे: असल्या राजेशाही फ्लाय बांधणारे कित्येक जण आयुष्यात मासेच धरत नाहीत. बांधतात आणि काचेत ठेवतात.

मला हे वेड परकं वाटत नाही, कारण मी मोरोपंतांच्या गावात राहतो. पंतांनी इथे बसून एकशेआठ रामायणं रचली असं सांगतात. एक लिहून झाल्यावर माणूस थांबेल. पंत थांबले नाहीत. प्रत्येक वेळी स्वतःच स्वतःला नवी अट घालायची. त्यांतलं एक निरोष्ठ रामायण. ओठाला ओठ लागेल असं अक्षर त्यात वर्ज्य: प नाही, ब नाही, म नाही. म्हणजे रामायण सांगायचं आणि त्यात ‘राम’ म्हणायचं नाही! पूर्वी मला हा पंडिती हट्ट वाटायचा. गळाच्या दांडीवर, माकुलाचा कणही न वापरता माकूल उभं करायला बसल्यापासून पंतांबद्दलचा आदर वाढला आहे.

आता माकुलाकडे वळू. या प्राण्याला तीन हृदयं, निळं रक्त, आठ हात आणि दोन लांब सोंडा. अंगावरचे रंग क्षणात बदलतो, आणि बहुतेक जातींना स्वतःला रंग दिसत नाहीत, हा निसर्गाचा विनोद वेगळाच. यांतलं रक्त आणि हृदयं माझ्या आवाक्याबाहेर. हातांना आठ पिसं, सोंडांना दोन लांब पिसं, एवढी मजुरी करता येते. पण बांधायची कुठून? पहिलं माकूल बांधताना माणूस साहजिकच डोळे पुढे बांधायला जातो, जिथे दोरी जोडायची तिथे. माकूल मात्र घाबरलं की पाणी फेकून उलटं पळतं. शेपटीचं टोक पुढे, डोळे आणि हात मागे फरफटत. म्हणून दोरीच्या बाजूला त्याची शेपटी येते, आणि डोळे नि हात मागे, गळाच्या वळणापाशी. साडूंनी दोरी ओढली की ते अगदी शास्त्रशुद्ध पळ काढतं.

लहान मासा सोपा वाटतो. त्याची मेख वेगळी. पाठ गडद, पोट पांढरं, बगलेला एक चकाकती रेघ. वरून पाहणाऱ्याला तो पाण्याचा तळ वाटावा आणि खालून पाहणाऱ्याला आभाळ. पेडव्याची ही युक्ती जशीच्या तशी उचलायची, आणि मग तिच्यावर पाणी ओतायचं, म्हणजे डोळे मात्र खऱ्याहून मोठे करायचे. शिकारी मासा डोळ्याच्या अंदाजाने झेप घेतो, असं जाणते सांगतात. अमेरिकेतल्या लेफ्टी क्रे यांनी पन्नाशीच्या दशकात बांधलेला ‘डिसीव्हर’ याच घराण्यातला. लांब पिसं पार मागे बांधलेली, म्हणजे फेकताना ती गळाला वेढा घालत नाहीत. पुढे केसांची झालर. त्या ठकसेनाचं १९९१ साली तिकडच्या सरकारने टपाल तिकीट काढलं. बॉब क्लाउझर यांनी ऐंशीच्या दशकात आणखी एक काम केलं: डोळ्यांच्या जागी शिशाचं डंबेल, तेही दांडीच्या अशा बाजूला की गळ पाण्यात उलटा होऊन टोक वर राहतं. ओढ दिली की वर उसळी, सोडलं की डोकं खाली. जखमी मासा असाच चालतो. खडपाच्या कपारीत गळ अडकणंही यात कमी होतं, त्यामुळे साडूंच्या मर्जीत हा पहिला.

रंगावरून आमचे वाद होतात. साडूंना लाल आवडतो. पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी विझतो. थोडं खोल गेलं की तुमचा गुलाल काळपट राख. हे मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, “माशासाठी नाही, मला दिसायला बरं वाटतं.” गिऱ्हाईक दोन असतात, एक घेणारं आणि एक गिळणारं, आणि आधी घेणाऱ्याला पटवावं लागतं.

कारखान्यात आमच्याकडे ड्रॉइंग असतं, गेज असतं, तपासणीवाला असतो. काही शतांश मिलिमीटर इकडेतिकडे झालं की माल परत, आणि परत आलेला माल म्हणजे मान खाली. इथे ड्रॉइंग नाही. तपासणीला खडपाखाली एखादा हेकरू किंवा तांबोशी बसलेली, तिला इंचपट्टी कळत नाही, चाल कळते. पुस्तकातल्या फोटोसारखं रेखीव माकूल साडूंच्या डब्यातून जसंच्या तसं परत येतं. तेच मी सर्वांत वाईट मानतो. दुसरं एखादं वेडंवाकडं, चिकनवाल्याच्या उरल्यासुरल्या पिसांचं, ते येतं तेव्हा दोन हात तुटलेले, एक डोळा गेलेला, दोऱ्याला दातांचे चरे. ते बायकोला दाखवावं तर ती म्हणते, “मोडलं वाटतं हो?” मी म्हणतो, पास झालं.

चाल पाहायला इथे समुद्र नाही, पण घरामागचा सिमेंटचा हौद आहे. दोरी बांधून हौदात माकूल या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत फिरणारा प्रौढ माणूस दिसायला फारसा भारदस्त दिसत नाही, हे मान्य. एकदा भिगवणला जेवायला गेलो तेव्हा खिशातून काढून उजनीच्या पाण्यातही ओढून पाहिलं. उजनीच्या चिलापीने जन्मात माकूल पाहिलेलं नाही. ती जवळ आली, बाजूने वळसा घालून पाहिलं आणि गेली. होडीवरचे काका जाळं निवडता निवडता म्हणाले, “पाव्हणं, हितं कणकीची गोळी लावा. एवढा नटवायला लागत न्हाई त्यास्नी.”

शेजारच्या अण्णांना मात्र या उद्योगात धंदा दिसू लागला आहे. समुद्रातले मासे त्यांना दोनच ठाऊक, सुरमई आणि पापलेट. सुरमई या फ्लायवर येऊ शकते असं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, “आणि पापलेट?”

मी सांगितलं, पापलेट येत नाही. २०२३ साली महाराष्ट्राने त्याला राज्यमासा केलं तरी त्याच्या खाण्यात फरक पडला नाही. ते खातं पाण्यात तरंगणारे बारीक जीव आणि जेलीफिशसारखं बुळबुळीत काहीबाही. गळाच्या नादी लागत नाही, जाळ्यातच येतं.

अण्णांनी पान लावलं, चुना पुसला. “जेलीफिश म्हंजे ते टीव्हीत दावत्यात, पारदर्शक, लोंबतंय तसलं?”

“तेच.”

“मग अवघड काय त्यात? दुधाची पिशवी कापली की झालं.”

संध्याकाळी त्यांचा नातू धुतलेल्या पिशव्यांचा गठ्ठा घेऊन दारात हजर. शिवाय आजोबांनी विचारलं होतं, अर्ध्या लिटरच्या चालतील का एक लिटरच्याच लागतील.