उलटे चला, बसून जा

नकाशात मुंबई उल्हासनगरच्या नैर्ऋत्येला असेल. सकाळी सातला मात्र ती नेमकी उलट्या दिशेला, बदलापूरकडे असते. कारण उल्हासनगरकराला सीएसएमटीपर्यंत बसून जायचं असेल, तर तो आधी डाऊन गाडीने बदलापूर गाठतो. तिथे तीच गाडी अप होते आणि हा खिडकी पकडून पुन्हा आपल्याच स्टेशनात येतो. तिथे दाराशी लोंबकळणारा शेजारी दिसला, की त्याला तत्काळ झोप लागते.

या विद्येत अंबरनाथकर तर निष्णात. बदलापूरकर हक्काच्या बदलापूर लोकलमध्ये उडी मारतो, तोवर अंबरनाथकर डोळे मिटून बसलेला.

‘‘पास कुठपर्यंतचा आहे?’’

‘‘तुम्ही टीसी आहात का?’’

एवढ्या प्रस्तावनेनंतर दोघांच्याही घराण्यांचा उद्धार सुरू होतो. पण हाच बदलापूरकर कर्जत लोकलकडे वळला, की दारातले वांगणी-नेरळकर त्याला समजावतात, ‘‘तुम्हाला बदलापूर लोकल आहे ना!’’ थोडक्यात, प्रत्येक स्टेशनाचा शत्रू पुढच्या स्टेशनात राहतो. विठ्ठलवाडीकराला एवढेही शत्रू परवडत नाहीत. त्याने विठ्ठलाचं नाव घ्यावं आणि लटकावं.

यात रेल्वेला कुणी विचारत नाही, हीच रेल्वेची पुण्याई. कल्याणपुढे रूळमार्ग दोनच. त्यावरूनच लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्याही. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला एमयूटीपी-3अ या मुंबईच्या रेल्वे प्रकल्पात केंद्राची मंजुरी मिळाली मार्च 2019 मध्ये. अंतर जेमतेम 14 किलोमीटर. मंजुरीला रूळ फुटायची वाट बिल्डरांनी पाहिली नाही. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ म्हणत त्यांनी टॉवर उठवले. जाहिरात खोटी नाही. स्टेशन पाच मिनिटांवरच असतं, गाडीत शिरणं हा वेगळा विषय.

अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराच्या भिंतींवर शिल्पं दाटीवाटीने उभी आहेत. खांद्याला खांदा लावून उभं राहायचा हा वारसा रेल्वेने निष्ठेने जपला. तिच्या हिशेबात त्याला भारदस्त नावही आहे: ‘सुपर डेन्स क्रश लोड’. चौरस मीटरमागे 14 ते 16 उभे प्रवासी. शिल्पांना निदान घामाचा वास येत नाही.

गर्दीवर उपाय म्हणून गारवाही देऊन झाला. 2022च्या ऑगस्टमध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आल्या. कळव्यात, बदलापुरात प्रवासी भडकले आणि मध्य रेल्वेला 10 एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. लोकांना थंडी सोसत नव्हती असं नाही. महागडं तिकीट एक अडचण. दुसरी अशी, की एसीचं दार बंद होतं आणि साध्या लोकलची बरीचशी आसनव्यवस्था दाराबाहेर आहे.

9 जून 2025 रोजी मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचे जीव गेले. मग घोषणा झाली: साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवणार. बसवावीतच. दार बंद होताना आत कोण राहणार, हे गार्ड बटण दाबून ठरवेल. बाहेर राहिलेल्यांचं काय, ते ठरवायला गाड्या वाढवाव्या लागतात. त्यासाठीचं बटण गार्डच्या केबिनमध्ये नसतं, ते ज्यांच्या टेबलावर आहे त्यांना बदलापूरहून 7च्या लोकलने यावं लागत नाही.